लाल कानाचं कासव आजारी पडलं तर: ओळख, पहिले उपाय आणि घरची शुश्रूषा

घराघरांतल्या काचेच्या टाक्यांमध्ये जे कासव दिसतं, ते बहुतेक वेळा लाल कानाचं, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर असतं. डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा, पोटाकडचं कवच पिवळं आणि त्यावर काळसर ठिपके. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानातून आणताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं. मादी मात्र वाढून २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जाते आणि नीट सांभाळलं तर २५-३० वर्षं जगते. खालची सगळी माहिती याच कासवासाठी आहे.

तुमच्याकडचं कासव वेगळं दिसत असेल, म्हणजे पाठीवर चांदण्यांची नक्षी असेल किंवा कवच चामड्यासारखं मऊ असून मागच्या पायांवर झडपा असतील, तर ते भारतीय कासव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते घरात ठेवणं गुन्हा आहे. असं कासव जखमी सापडलं तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी उपचार करत बसू नका.

आजार उशिरा दिसतो, म्हणून वजन

कासव दुखणं लपवतं. ज्या दिवशी ते मलूल दिसतं, त्याच्या कितीतरी आधीपासून ते आजारी असतं. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नका. स्वयंपाकघरात वापरतात तसा ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा फक्त कासवासाठी वेगळा घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, खायला घालण्याआधी वजन करा. काट्यावर रिकामा डबा ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग अंग टिपलेलं कासव डब्यात ठेवायचं. आकडा तारखेसह वहीत लिहा. ४०० ग्रॅमचं कासव ३६० वर आलं, म्हणजे दहा टक्के वजन उतरलं. असं झालं तर बाकी काहीही दिसत नसलं तरी डॉक्टरकडे जायचं. वाढत्या पिल्लाचं वजन महिनाभर एका जागी थांबलं, तर तीही धोक्याचीच खूण. एक उलटा प्रकारही लक्षात ठेवा: अंगावर सूज आणि वजन अचानक वाढलेलं, म्हणजे अंगात पाणी साठतंय किंवा मादीच्या पोटात अंडी आहेत.

वजन करताना एक मिनिट जास्त द्या आणि कासव हातात नीट बघून घ्या. डोळे पूर्ण उघडे आणि चमकदार आहेत का, नाकपुड्या कोरड्या आहेत का, कानाच्या जागा दोन्ही बाजूंना सपाट आणि सारख्या आहेत का. पाय हलकेच ओढला तर ते जोरात आत घेतं का. पोटाकडचं कवच उलटं करून बघा, पण कासव उताणं अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात आणि उताणं धरलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो. पोटाकडच्या कवचाखाली गुलाबी-लाल झाक पसरलेली दिसली तर थांबू नका. रक्तात जंतू पसरल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आधी ऊब, मग बाकी सगळं

कासवाचं अंग स्वतः गरम राहत नाही. भोवतीचं पाणी जेवढं गरम, तेवढंच ते गरम. अन्न पचणं, जंतूंशी झुंजणं, औषध अंगात भिनणं, सगळं त्या तापमानावर चालतं. २० अंशांच्या पाण्यात बसलेल्या कासवाला जगातलं सर्वांत चांगलं अँटिबायोटिक दिलं तरी ते अर्धवटच काम करतं. म्हणून कुठलाही आजार असो, पहिल्या तासात करायचं काम एकच: आजारी कासव वेगळं काढून उबदार ठेवायचं.

त्यासाठी ४०-५० लिटरचा प्लॅस्टिकचा टब पुरेसा आहे. चांगलं तरंगणाऱ्या कासवासाठी पाणी एवढंच भरा की मागच्या पायांवर उभं राहिलं तर नाक सहज बाहेर येईल; ढोबळ मानाने कवचाच्या लांबीइतकी खोली. अगदी अशक्त किंवा तिरकं होणारं कासव असेल तर पाणी हनुवटीपर्यंतच ठेवा, कारण अशक्त कासव बुडून मरतं. हे खरंच होतं, आणि रात्रीत होतं.

पाण्याचं तापमान २८ ते २९ अंश ठेवा. एकदम वाढवू नका. गार पाण्यातून काढलेलं कासव असेल तर दर दोन-तीन तासांनी दोन अंश असं वर न्या. मत्स्यटाकीचा थर्मोस्टॅट असलेला हीटर साधारण १ ते २ वॅट प्रति लिटर या हिशोबाने घ्या, म्हणजे २५ लिटर पाण्याला ५० वॅट. पाणी उथळ असल्याने हीटर पूर्ण बुडतोय ना ते पाहा. काचेवरची किमान पाण्याची खूण उघडी राहिली तर काच तडकते. हीटरला जाळीचं कव्हर लावा, नाहीतर कासव त्याला टेकून भाजतं किंवा काच फोडतं. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, आणि हीटर पाण्याबाहेर काढण्याआधी पंधरा मिनिटं बंद ठेवायचा. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर पाण्यात सोडा.

टबात चढून पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा हवीच: वीट, सपाट दगड, काहीही, पण न हलणारं. त्यावर दिव्याची ऊब ३० ते ३२ अंशांपर्यंत पोचू द्या. टब शांत, अर्धवट अंधाऱ्या जागी ठेवा. टीव्हीशेजारी नको, एसीच्या झोतात तर मुळीच नको. लहान मुलांना सांगा, दर दहा मिनिटांनी उचलून बघायचं नाही.

वीज गेली तर बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलमध्ये गुंडाळा आणि टबाच्या बाहेरून टेकवा. टबात उकळतं पाणी ओतू नका.

नाशिक-नागपूरचा हिवाळा आणि विदर्भाचा उन्हाळा

डिसेंबर-जानेवारीत कासव खाईना, हलेना, की घरोघर एकच उत्तर मिळतं: "थंडीत ते झोपतंच." लाल कानाचं कासव त्याच्या मूळ देशात थंडीत निपचित पडतं हे खरं. पण तिथे पाणी महिनोन्‌महिने गार असतं आणि थंडी येण्याआधी त्याचं पोट रिकामं झालेलं असतं. आपल्याकडे दुपारी पाणी २४ अंशांवर जातं, पहाटे १५ वर येतं. दुपारी खाल्लेलं पहाटे पोटात तसंच राहतं आणि सडायला लागतं, सर्दी होते, मग न्यूमोनिया. घरात कासवाला झोपवायचं नसतं. हिवाळाभर हीटर लावून पाणी २४ ते २६ अंशांवर ठेवा, पिल्लांसाठी २६ ते २८. मुंबई-कोकणात थंडी फारशी नसते, पण रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत तोच प्रकार होतो.

उलट एप्रिल-मे महिन्यांत गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवलेला टब तासाभरात तापतो. सावली नसेल तर कासव त्यात शिजून मरतं. तोंडाला फेस, सैरभैर धावाधाव, मग एकदम ढिलं पडणं ही उन्हाच्या तडाख्याची लक्षणं. तेव्हा सावलीत न्या, साध्या पाण्यात ठेवा. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी नको.

सुजलेले, मिटलेले डोळे

आजारी कासव म्हणून जे सर्वांत जास्त दिसतं ते हेच. पापण्या फुगून मटारच्या दाण्यासारख्या होतात, डोळे उघडत नाहीत आणि कासव खाणं सोडतं. खाणं सोडण्याचं कारण साधं आहे: हे कासव डोळ्यांनी बघून खातं. दिसत नाही, म्हणून खात नाही.

कारणं दोन, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र. एक म्हणजे अ-जीवनसत्त्वाची कमतरता. दुकानदार सोबत जी वाळलेल्या कोळंबीची डबी देतो, त्यात अ-जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. तेवढ्यावर वाढवलेल्या पिल्लाचे डोळे काही महिन्यांत सुजतात. दुसरं म्हणजे घाण पाणी, किंवा नळाचं क्लोरीन न घालवलेलं पाणी.

घरी एवढं करा. उबदार टब, रोज पाणी बदल. औषधाच्या दुकानात मिळणारं ०.९ टक्क्यांचं सलाईन कोमट करून दिवसातून दोनदा डोळ्यांवर धार धरा आणि स्वच्छ कापसाच्या बोळ्याने बाहेरच्या बाजूला टिपा. बोळा प्रत्येक डोळ्याला वेगळा. घरात पडलेले माणसांचे ड्रॉप्स घालू नका. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं आणि त्याने जंतुसंसर्ग वाढतो. अ-जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मागून घेऊ नका. कासवांत त्याचा डोस सहज जास्त होतो आणि मग कातडी सोलून निघते. ते द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे कासवं पाहणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पाचेक दिवसांत डोळे उघडले नाहीत किंवा डोळ्यांत पिवळट पांढरा चोथा दिसला, तर डॉक्टर.

कानाच्या जागी टेंगूळ आलं तर तेही याच कुटुंबातलं दुखणं. आत पू असतो, पण कासवाचा पू पातळ नसतो. तो पनीरसारखा घट्ट असतो. म्हणून ते टेंगूळ पिळून रिकामं होत नाही, आणि अँटिबायोटिकही आतपर्यंत नीट पोचत नाही. भूल देऊन चीर पाडून तो गोळा काढावा लागतो. पिळू नका, सुई टोचू नका.

तिरकं तरंगणं आणि नाकातले बुडबुडे

हे ओळखायला शिका, कारण इथे उशीर म्हणजे जीव. कासव पाण्यात तरंगताना एका बाजूला कललेलं दिसतं, खाली बुडी मारता येत नाही, मारली तरी बुचासारखं वर येतं. नाकातून किंवा तोंडातून बुडबुडे, चिकट शेंबूड. मान पुढे ताणून, तोंड उघडून श्वास. कधी शिट्टीसारखा किंवा टिचकी वाजवल्यासारखा आवाज. आणि दिवसभर कोरड्या जागेवरच बसून राहणं, पाण्यात उतरायला नको असणं.

कलण्याचं कारण असं: दोन फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली डावी-उजवीकडे असतात आणि तरंगण्याचा तोल तीच सांभाळतात. एकात पाणी किंवा पू साठला की ती बाजू जड होऊन खाली जाते. आपल्यासारखा पोट-छातीमधला पडदा कासवाला नसतो, त्यामुळे त्याला जोरात खोकून आतलं बाहेर टाकता येत नाही. साठलेलं साठूनच राहतं. म्हणून कासवाचा न्यूमोनिया आपोआप बरा होण्याची वाट बघू नये.

गोंधळ होऊ नये म्हणून दोन गोष्टी. उन्हात बसून कासवाने एखादी जांभई दिली तर तो आजार नाही. पुन्हा पुन्हा, पाण्यातही तोंड उघडं राहत असेल तर आजार. आणि फक्त मागची बाजू वर येऊन तरंगत असेल, खाणं बंद असेल, शी होत नसेल, तर पोटात गॅस किंवा अडकलेला खडा असू शकतो. टाकीच्या तळाशी पसरलेले लहान रंगीत खडे कासव गिळतं. दोन्हींत एक्स-रे लागतोच. न्यूमोनियाचा संशय असेल तर डॉक्टरांना फक्त वरून नाही, समोरून डोकं-शेपटीच्या दिशेनेही एक्स-रे काढायची विनंती करा. त्यात दोन्ही फुप्फुसं शेजारी-शेजारी दिसतात आणि कुठली भरली आहे ते कळतं.

घरी: पाणी हनुवटीपर्यंत, २९ अंश, कोरडी उबदार जागा दिवसभर. टबावर अर्धं झाकण ठेवा म्हणजे पाण्यावरची हवाही उबदार राहील. गरम पाण्यातून डोकं वर काढून गार हवा ओढली की त्रास वाढतो. वाफ द्यायला जाऊ नका, भाजतं. माणसांच्या गोळ्या पाण्यात विरघळवण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने काहीच साधत नाही, कारण कासव ते औषध पुरेसं पोटात घेत नाही. फिल्टरमधले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू मात्र त्याने मरतात.

कवच: काय नेहमीचं, काय नाही

कवचावरचे खवले सुटणं नेहमीचं आहे. सुटलेला खवला अभ्रकासारखा पातळ, पारदर्शक आणि अखंड असतो, खाली नवं गुळगुळीत कवच असतं. तो ओढून काढू नका. हिरवा थर म्हणजे शेवाळ. जुन्या मऊ टूथब्रशने जातं. बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर पांढरी खर जमते: दाबली तर टणक लागते, नखाने खरवडली तर निघते, वास नसतो. ती क्षारांची, चिंतेची नाही.

कवच कुजायला लागतं तेव्हा पांढरट किंवा पिवळसर डाग पडतात, बोटाने दाबलं तर जागा दबते, खालून ओलसर किंवा रक्ताळ लस येते आणि वास मारतो. एकदा हा वास घेतला की पुन्हा विसरत नाही. कारण जवळपास नेहमी तेच: कोरडं व्हायला जागा नाही आणि पाणी घाण.

डाग वरवरचा, लहान असेल तर असं करा.

१. मऊ ब्रश आणि कोमट पाण्याने जागा स्वच्छ करा. सैल सुटलेलं तेवढंच निघू द्या, सुईने किंवा चाकूने कोरू नका.
२. १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन एक भाग, पाणी दहा भाग. रंग कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. कापसाने लावा, दहा मिनिटं ठेवा, धुवा. डोळे-तोंड जपा.
३. टिपून कोरडं करा आणि सिल्व्हर सल्फाडायझीन मलमाचा पातळ थर द्या.
४. कासव कोरड्या, २८ अंशांच्या डब्यात, स्वच्छ टॉवेलवर ठेवा. रोज एक ते दोन तास उबदार पाण्यात सोडा, कारण पाण्याखेरीज त्याला गिळता येत नाही आणि त्याची तहानही तिथेच भागते. पिल्लू असेल तर कोरडं ठेवण्याचा वेळ कमी, दिवसातून दोनदा पाणी.

हे रोज एकदा, दोन आठवडे. डाग पसरतोय, हाड दिसतंय, पोटाकडे लाली आहे, किंवा खाणं बंद आहे, तर हे घरचं काम नाही.

संपूर्ण कवच मऊ लागणं हा वेगळा आजार: कॅल्शियम आणि उन्हातल्या अतिनील-बी (यूव्हीबी) प्रकाशाचा तुटवडा. अगदी नव्या पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच. पण वर्षाच्या कासवाचं कवच दाबल्यावर पुठ्ठ्यासारखं वाकलं, कडा वर वळल्या, मागचे पाय ओढत चालायला लागलं किंवा अंग थरथरलं, तर कॅल्शियम रक्तातही कमी पडलंय. अशा कासवाची हाडं पकडतानाच मोडू शकतात. दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचला.

बाल्कनीतून पडून किंवा कुत्र्याने चावून कवच फुटलं तर सलाईनने धुवा, स्वच्छ गॉजने झाका, कोरडं ठेवा आणि निघा. एपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा गोंद लावू नका. आत घाण बंद होते आणि कवच आतून सडतं.

मादीची अंडी, आणि शेपटीतून बाहेर आलेलं काही

नर नसला तरी मोठी मादी अंडी घालते. ती खाणं कमी करते, मागच्या पायांनी काच खरवडते, टाकीतून बाहेर पडायची धडपड करते. तिला ओलसर वाळू-मातीची खोल पेटी द्या: ३० सेंटिमीटर थर, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतका ओलावा, आणि खोलीत शांतता. धडपड करून करून ती अंडी न घालताच मलूल पडली, तर अंडी अडली असं समजा आणि एक्स-रे काढा.

नराच्या शेपटीतून गडद जांभळट, फुलासारखं काहीतरी बाहेर येऊन दोन-चार मिनिटांत आत गेलं तर ते त्याचं जननेंद्रिय आहे, घाबरू नका. अर्ध्या तासात आत गेलं नाही, किंवा गुलाबी आतड्यासारखं दिसलं, तर तातडी. टाकीत दुसरं कासव असेल तर ते चावून तोडतं, म्हणून लगेच वेगळं काढा. साखरेच्या घट्ट पाण्यात भिजवलेलं गॉज त्यावर धरा, त्याने सूज उतरते. सुकू देऊ नका, आणि तसंच दवाखाना गाठा.

डॉक्टरकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासव पाहत नाहीत. फोनवर आधी विचारा: "सरपटणारे प्राणी बघता का?" परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी केली तर या कामाची सवय असलेलं कोणी सापडण्याची शक्यता जास्त.

कासव पाण्यात घालून नेऊ नका, हिंदकळून बुडतं. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला, घट्ट पिळलेला टॉवेल, डब्याबाहेर कोमट पाण्याची बाटली. सोबत वजनाची वही, टाकीचा आणि दिव्याचा फोटो, खाद्याची डबी, आणि शी झाली असेल तर ताजी शी छोट्या डबीत. पाण्याचं तापमान किती, दिवा कधी घेतला, हे आकड्यांत सांगा.

एक गोष्ट न विसरता बोला: कासवाला आयव्हरमेक्टिन देऊ नका. कुत्र्यांच्या जंतांवर, गोचिडांवर ते सर्रास वापरतात, कासवांत मात्र त्याने लकवा होऊन मृत्यू येतो. चांगल्या डॉक्टरांना हे माहीत असतंच, तरी विचारण्यात संकोच करू नका.

इंजेक्शन सहसा पुढच्या पायाच्या वरच्या भागात देतात. मागून दिलेलं औषध आधी मूत्रपिंडांकडे जाण्याची शक्यता असते. काही औषधं तीन दिवसांतून एकदाच द्यायची असतात, कारण कासवाचं शरीर ती हळू बाहेर टाकतं. मधले दिवस रिकामे गेले म्हणून घाबरू नका, आणि डोळे उघडले, खायला लागलं म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका. तीन ते सहा आठवडे लागतात.

खात नसेल तेव्हा

मोठं कासव आठवडाभर उपाशी राहिलं तरी लगेच दगावत नाही. पाणी कमी पडलं तर लवकर दगावतं. रोज २८-२९ अंशांच्या, हनुवटीपर्यंतच्या स्वच्छ पाण्यात अर्धा तास बसवा. तोंड उघडून चमच्याने भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जातं, आणि थंड, सुकलेल्या कासवाच्या पोटात ते पचतही नाही. नळीने भरवायची वेळ आली तर डॉक्टर ते करून दाखवतील.

भूक चाळवायला जिवंत गांडूळ उत्तम, पण शेतात फवारणी नसलेल्या जागेचं. पुढे कायमचा आहार असा: चांगल्या प्रतीचं कासवाचं दाणेदार खाद्य, एका वेळी त्याच्या डोक्याएवढं, पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. सोबत शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, लेम्नासारखं पाणवनस्पतींचं हिरवं. आठवड्यातून एकदा कोंबडीच्या कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा. पालक आणि चुका नेहमी नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. टाकीत समुद्रफेसाचा तुकडा तरंगत ठेवा. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो. वरची कडक पापडी खरवडून मऊ बाजू द्या. भात, पोळी, पाव, पनीर काहीच नाही.

टाकी तशीच राहिली तर आजार परत येतो

वास्तूसाठी म्हणून कासव काचेच्या वाटीत, दिवाणखान्याच्या उत्तरेला ठेवलं जातं. श्रद्धा असेल तर मोठी टाकी उत्तरेला ठेवा, पण वाटीत नको. कवचाच्या दर सेंटिमीटरमागे पंधरा लिटर हा कामचलाऊ हिशोब धरा; १५ सेंटिमीटरच्या कासवाला साधारण २२५ लिटर पाणी, आणि टाकी त्याहून मोठी. फिल्टर पाण्याच्या दुप्पट क्षमतेचा. आठवड्याला पाव ते अर्धं पाणी बदला, नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवून किंवा अँटिक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) घालून. अमोनिया आणि नायट्राइट तपासणीपट्टीवर शून्य दिसले पाहिजेत.

अतिनील-बी ट्यूब दिवसाला १० ते १२ तास, बसायच्या जागेपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर किंवा खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर. मध्ये काच नको. काच हा प्रकाश अडवते, म्हणून खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही. ट्यूब उजेड देत राहिली तरी तिचा अतिनील-बी सहा ते बारा महिन्यांत उतरतो. बसवल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहा. ट्यूब परवडत नसेल तर रोज सकाळी अर्धा तास कोवळं ऊन, अर्ध्या सावलीच्या टबात, तुमच्या नजरेसमोर.

हात, मुलं आणि तळी

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जंतू असतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. हाताळल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवा. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेली व्यक्ती घरात असेल तर आजारी कासवाचं सगळं काम एकाच निरोगी माणसाने करावं.

आजारी किंवा नकोसं झालेलं कासव तळ्यात, नदीत, देवळाच्या कुंडात सोडू नका. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आययूसीएन) केलेल्या जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक जातींच्या यादीत हे कासव आहे. सोडलेलं आजारी कासव आपले जंतू इथल्या कासवांना देतं, आणि जगलं तर त्यांची जागा घेतं.

संपलं असं वाटलं तर

गारठलेलं कासव मेल्यासारखं दिसतं: ढिलं, न हलणारं, श्वास दिसत नाही. घाईने पुरू नका. पाण्याबाहेर काढा, डोकं थोडं खाली करून तोंडातलं पाणी निथळू द्या, कोरड्या टॉवेलवर ठेवून हळूहळू २६-२७ अंशांपर्यंत ऊब द्या. डोळ्याच्या कोपऱ्याला ओल्या कापसाने स्पर्श करा, शेपटीजवळ हलकेच चिमटा. काही तासांनी पुन्हा करा. चोवीस तास उबेत ठेवूनही काहीच प्रतिसाद नाही, डोळे आत गेले आणि वास यायला लागला, तरच गेलं असं समजा.

आणि बरं झालेलं कासव मोठ्या टाकीत परत केव्हा सोडायचं? औषध संपून एक आठवडा झाला, स्वतःहून खातंय, बुडी मारून तळाशी सरळ बसतंय आणि सलग दोन आठवडे वजन वाढलंय, तेव्हा. टबातलं तापमान रोज एक अंश खाली आणत २६ वर न्या, मग सोडा. पहिले तीन दिवस पाणी निम्मंच भरा.